खाडीच्या मापाचं आमिष

पहाटेची ओहोटी नुकतीच लागली होती. आक्षी-साखरच्या खाडीत तिवरांमधून एक बारीक फाटा मोठ्या पाण्याला येऊन मिळतो, तिथे मी उभा होतो. लुअर, म्हणजे माझं बनावट आमिष, मुळांच्या अगदी कडेला पडलं. रीलला दोन फेरे दिले, थांबलो, आणि भिजलेल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. रॉड वाकला. मासा एकदा पुरता पाण्याबाहेर आला, कल्ले फुलवून त्याने डोकं झाडलं आणि तंगूस सैल पडली. लुअर परत आलं तेव्हा त्याच्या पोटाखालच्या तीनटोकी गळाची दोन टोकं टाचणीसारखी सरळ झालेली होती.

घरी येऊन मी तो गळ ओटीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. लुअर वाईट नव्हतं. त्याचा रंग, पोहणं, बनावट सगळं नीट होतं. फक्त ते दुसऱ्या पाण्यासाठी आणि दुसऱ्या माशासाठी घडवलेलं होतं. त्याला आमच्या खाडीच्या मापाचं करायचं तर पक्कड हातात घ्यायला हवी, हे त्या सकाळी कळलं. पुढची अनेक वर्षं त्या ओटीवर जे काही कापलं, घासलं, चिकटवलं आणि पाण्यात सोडून पाहिलं, त्याचा हिशेब म्हणजे ही पुस्तिका.

आधी माशाची ओळख. आपल्या रायगडात तो जिताडा. रत्नागिरीकडे खाली गेलं की खजुरा, गोव्यात चोणक, बंगालमध्ये भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. हे शेवटचं नाव तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आलेलं असून त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा असा सांगतात. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करिफर. ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने 1790 मध्ये त्याची नोंद केली. इंग्रजीत त्याला आशियाई सी-बास म्हणतात, आणि इथेच आपल्याकडच्या गळ टाकणाऱ्यांचा घोळ होतो. दुकानात किंवा ऑनलाइन ‘बास लुअर’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या गोड्या तळ्यांमधल्या लार्जमाउथ बाससाठी असतं. तो मासा वेगळ्या कुळातला. तो खाऱ्या पाण्याच्या ओढीत, कालवांनी भरलेल्या खडकांमध्ये आणि तिवरांच्या मुळांत राहत नाही. जिताडा तिथेच राहतो.

जिताड्याचं आयुष्य समजल्याशिवाय लुअरवर हत्यार चालवू नये, असं माझं मत आहे. हा मासा गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांचा. अंडी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं मात्र पावसाळ्याच्या पाण्याबरोबर आत शिरतात. तिवरांत, खाजणांत, भातखाचरांच्या कडेच्या चरांत वाढतात. अलिबाग आणि पेणमधल्या खारेपाटाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. समुद्राचं पाणी अडवणारे बांध, त्या बांधांतल्या उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, आणि पावसात त्या उघाड्यांच्या तोंडाशी येणारी बोटभर पिल्लं. शेतकरी ती पिल्लं धरून शेतातल्या तळ्यात सोडतात, त्यांना खाडीतली बारीक मासळी घालतात आणि दोन-चार वर्षांनी, उन्हाळ्यात तळं आटत आलं की मोठे जिताडे काढतात. जावई यायचा असला किंवा घरात मानाचा पाहुणा असला की जिताडा हवाच, ही खारेपाटातली रीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त पाण्यात या माशाचं प्रजनन यशस्वी केलं, त्यामुळे आता बीज विकतही मिळतं. पण खाडीतला जिताडा कुणी पाळलेला नाही. तो स्वतःच्या हिमतीवर वाढतो आणि त्याची शिकार करायची पद्धत त्या हिमतीला साजेशी आहे.

ती पद्धत अशी. तो बोईटांच्या मागे मैलभर धावत नाही. मूळ, खांब, खडक किंवा उघाडीची भिंत यांच्या सावलीत, ओढीकडे तोंड करून दबून राहतो. ओहोटीचं पाणी फाट्यातून बाहेर पडताना कोळंबी, बोईट, निवट्या घेऊन येतं. भक्ष्य टप्प्यात आलं की जिताडा तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. पोत्यावर काठी बसल्याचा तो आवाज याचा. त्याला पटकन दिसणारे सुळे नाहीत, पण जबडा आतून काचपेपरसारखा खरखरीत आणि कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार. नुसती पातळ तंगूस त्या कडेला लागली की कापलीच. एवढ्या तीन-चार गोष्टींतून लुअरमधले बहुतेक बदल ठरतात: ते जागेवर रेंगाळलं पाहिजे, मुळात अडकता कामा नये, गढूळ पाण्यात जाणवलं पाहिजे, आणि त्याचे गळ सरळ होता कामा नयेत.

आमिष आपल्या हाताने सुधारणं ही काही नवी कल्पना नाही. माझे आजोबा जिवंत कोळंबीवर गरवायचे. कोळंबी गळाला लावण्याआधी ते तिच्या शेपटीचा पंखा नखाने तोडून टाकत. मी लहानपणी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “वास सुटतो, आणि ती नीट पळू शकत नाही. जिताड्याला पळणारं नको, अडखळणारं हवं.” बोईट लावायचं तर पाठीच्या काट्याच्या वरून, कण्याला धक्का न लावता, म्हणजे ते तासभर जिवंत राहून पोहत राहतं. आमिष कुठे टोचायचं, किती जखमी करायचं, कोणत्या लांबीचं निवडायचं, हे सगळं ते खाडी बघून ठरवत. मी प्लॅस्टिकच्या माशावर जे करतो ते त्यांनी कोळंबीवर करून ठेवलेलंच होतं.

जगातली नावाजलेली लुअरंही घरातच जन्मली. फिनलंडचा लाउरी रापाला हा कोळी. तळ्यात मासे धरताना त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा घोळक्यातला तोच छोटा मासा उचलतो, जो इतरांपेक्षा जरा डळमळत पोहतो. 1936 मध्ये त्याने बुचाच्या झाडाच्या सालीतून मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. हत्यारं म्हणजे चांभाराची रापी आणि काचपेपर. पुढे त्याच डळमळण्यावर मोठी कंपनी उभी राहिली. अमेरिकेत ओहायोमधल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम आणि त्याच्या बायकोने 1949 मध्ये घरीच प्लॅस्टिक वितळवून गांडूळ ओतलं. आजच्या मऊ प्लॅस्टिकच्या सगळ्या आमिषांचं मूळ तिथे आहे. या दोन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. माणसाने आपल्या पाण्यातल्या माशाकडे खूप वेळ पाहिलं आणि मग घरात जे होतं त्यातून त्याला पटेल असं काहीतरी केलं. अलिबागला हे करायला कोण अडवतं?

आता प्रत्यक्ष बदलांकडे येतो. त्यांतला पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा बदल गळांचा. लुअरबरोबर येणारे पातळ तारेचे गळ आणि त्यांना धरणाऱ्या स्प्लिट रिंगा काढून टाकायच्या आणि खाऱ्या पाण्याच्या, जाड तारेच्या बसवायच्या. सांगायला सोपं आहे, पण इथेच पुष्कळ जण फसतात. जुना गळ ग्रॅमभराचा आणि नवा दोन ग्रॅमचा असला, तर दोन गळ बदलताच लुअर दोन ग्रॅमने जड होतं. जे तरंगायचं ते बुडायला लागतं, आणि त्याचं डळमळणं मंदावतं किंवा साफ थांबतं. मासा धरून ठेवेल असा गळ लावला, पण मासा येईल असं लुअरच उरलं नाही, असं होतं.

म्हणून बादली. माझ्या सगळ्या उद्योगातलं सगळ्यांत उपयोगी साधन कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बादलीच दाखवीन. गळ बदलल्यावर लुअर बादलीत सोडायचं आणि बघायचं. नाक वर राहतं की शेपूट? हळूहळू वर येतं, खाली जातं, की आहे तिथेच लटकतं? जिताड्यासाठी मला लटकणारं लुअर सगळ्यांत आवडतं. मुळांपाशी नेऊन थांबवलं की ते तिथेच, त्याच्या तोंडासमोर, श्वासभर टांगून राहतं आणि नव्वद टक्के मार त्या थांबण्यात येतो, असा माझा अनुभव आहे. तरंगणारं लुअर लटकतं करायला गळाच्या दांड्यावर कथलाच्या बारीक तारेचे वेढे द्यायचे. एक वेढा द्या, बादलीत सोडा, बघा, मग दुसरा. जास्त झालं तर नखाने तुकडा तोडायचा. शिसं नसलेली तार मिळते, तीच घ्यावी.

यात एक गोम आहे आणि ती कळायला मला दोन पावसाळे लागले. बादलीत नळाचं पाणी असेल तर सगळा हिशेब चुकतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड. वीस ग्रॅमचं लुअर नळाच्या पाण्यात अगदी बरोबर लटकत असेल, तर समुद्राच्या पाण्यात त्याला सुमारे अर्ध्या ग्रॅमची जास्तीची उचल मिळते आणि ते वर येतं. आता आपल्या खाडीचा विचार करा. मे महिन्यात रेवदंड्याच्या खाडीत भरतीला जे पाणी असतं ते जवळजवळ समुद्रच. जुलैमध्ये कुंडलिका भरून वाहते तेव्हा त्याच जागी वरचा थर गोडसर. धरमतरच्या खाडीत अंबा नदीचं तसंच. म्हणजे एकच लुअर उन्हाळ्यात तरंगेल आणि पावसाळ्यात बुडेल. उपाय साधा आहे: ज्या खाडीत टाकायचं तिथलंच पाणी, त्याच ऋतूत, बादलीत भरून घ्या. मी तर आता एक छोटी बादली आणि तारेचं वेटोळं बरोबरच नेतो आणि काठावरच मेळ घालतो.

दुसरा बदल नाकातल्या कडीचा. नवं लुअर ओढताना सरळ न येता एका बाजूला पळत असेल तर ते फेकून देऊ नका. लुअरचं तोंड आपल्याकडे करून धरा. ते आपल्या डावीकडे पळत असेल तर कडी नोज पक्कडीने अगदी केसभर उजवीकडे वळवा, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. पुन्हा पाण्यात ओढून बघा. केसभर म्हणजे खरोखरच केसभर. जोर लावला तर कडी प्लॅस्टिकमधून ढिली होते. उधाणाच्या ओढीत हे तपासणं फार गरजेचं, कारण शांत पाण्यात सरळ येणारं लुअर जोराच्या प्रवाहात आडवं पडतं.

तिसरा बदल जिभेचा, म्हणजे तोंडाखालच्या त्या पारदर्शक पट्टीचा. तीच लुअरला खाली नेते. तळ्यांसाठी केलेल्या लुअरची जीभ लांब असते. आपल्या फाट्यांमध्ये ओहोटीला पुरुषभर पाणीही नसतं आणि तळाला कालवं. लांब जीभ तिथे पहिल्याच फेकीला रुतते. कानसीने जीभ थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी घासली की लुअर उथळ पोहतं. घासलेलं परत येत नाही, म्हणून इथे घाई नको.

चौथा बदल आवाजाचा आणि पाचवा रंगाचा, आणि मी त्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. दुकानात आपण रंग बघून लुअर घेतो. पण पावसाळ्यातल्या खाडीत हातभर खोलीवर आपला पंजा दिसत नाही, तिथे रंगाचं कौतुक कोण करणार? जिताड्याच्या अंगावरची ती लांब रेघ पाण्यातली थरथर टिपते. म्हणून पोकळ लुअरला बारीक भोक पाडून आत दोन-तीन छर्रे सोडायचे आणि अराल्डाइटने भोक बंद करायचं. किंवा मऊ प्लॅस्टिकच्या माशाची शेपूट रुंद करायची, पोटाला चीर देऊन तो जास्त वाकेल असा करायचा. रंगाच्या बाबतीत माझा नियम एवढाच: पहाटे-संध्याकाळी आणि रात्री गडद, कारण खालून बघणाऱ्या माशाला आकाशासमोर काळी आकृती दिसते, स्वच्छ पाण्यात आणि उन्हात बोईटासारखं चंदेरी. त्यासाठी घरातलं नेलपॉलिश आणि चॉकलेटचा कागद पुरतो.

ज्यांना मुळापासूनच आमिष घडवायचं आहे त्यांच्यासाठी एक वेगळं प्रकरण दिलं आहे. त्यासाठी परदेशी बाल्सा मागवायची गरज नाही. आपल्या कोकणात पांगारा आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने ज्या लाकडाची होत आली, तेच हे लाकूड. हलकं, मऊ, चाकूला सहज वश होणारं. कुंपणाला लावलेल्या पांगाऱ्याची वाळलेली फांदी घेऊन मी पहिला पॉपर कोरला. त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट केलं की ओढताना तो पाणी गिळतो आणि ‘गुडुप’ असा आवाज करतो. लाकडाला पाणी पिऊ द्यायचं नसेल तर तीन-चार लेप द्यावे लागतात आणि प्रत्येक लेपाला दिवसभर वाळू द्यावं लागतं.

लुअर कितीही जमलं तरी वेळ चुकली तर उपयोग नाही. यासाठी आपल्याकडचा जुना ढोबळ हिशेब शेवटच्या प्रकरणात दिला आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. तिथून ओहोटी लागली की पहिले दोन तास फाट्यांच्या तोंडाशी. छापील कोष्टक आणि मोबाइल आता सगळ्यांकडे आहे, पण हा हिशेब डोक्यात असला की कॅलेंडरवर तिथी पाहूनच खाडीत या क्षणी पाणी कुठे असेल ते समोर उभं राहतं.

काही सूचना कळकळीने करतो. घरात शिसं वितळवू नका. ते 327 अंशांना वितळतं, त्याची वाफ आणि भुकटी विषारी आहे, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी ते तोंडावर उडतं. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे तर हा विचारही नको. तीनटोकी गळ बदलताना चष्मा घाला. जिताडा धरताना बोटं कल्ल्याच्या कडेपासून लांब ठेवा. चिखलात पाय उचलून टाकू नका, सरकवत चाला, म्हणजे खाली पाकट असेल तर ते निघून जाईल. आणि तुटलेली तंगूस तिवरांत सोडू नका; पाखरांचे पाय तिच्यात गुंतलेले मी पाहिले आहेत.

मी शेवटासाठी राखून ठेवलेला एक बदल आहे, आणि त्याच्यासाठीच मुख्यतः ही पुस्तिका लिहिली असं म्हटलं तरी चालेल. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो. साधारण तीन-चार वर्षांचा होतो तेव्हा नर म्हणून वयात येतो आणि आणखी काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे ज्या भल्या मोठ्या जिताड्याबरोबर फोटो काढायची आपली हौस असते, ती जवळजवळ नक्की मादी असते आणि पुढच्या पावसाळ्यात लाखो अंडी देणारी असते. उघाडीच्या तोंडाशी येणारी ती बोटभर पिल्लं तिची. खारेपाटातल्या शेतकऱ्यांकडून मी अनेकदा ऐकलं आहे की पिल्लं आता पूर्वीसारखी मिळत नाहीत. त्याला तिवरांची तोड, भराव, दूषित पाणी अशी मोठी कारणं आहेत आणि गळ टाकणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाचा वाटा त्यात लहान आहे. पण आपल्या हातातला वाटा आपणच सांभाळायचा असतो.

म्हणून तीनटोकी गळ काढून त्या जागी जाड तारेचा एकेरी गळ लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मुळांत अडकणं कमी होतं, बोटात घुसला तर डॉक्टरकडे धावावं लागत नाही, आणि मासा पाण्यातच ठेवून दोन सेकंदांत मोकळा करता येतो. मासे निसटतील अशी भीती मलाही होती. तंगूस ताणलेली ठेवायला शिकलो आणि ती भीती गेली. घरच्या ताटासाठी एखादा मध्यम जिताडा जरूर न्या. तो या मातीचा मान आहे आणि त्याच्या कालवणाची सर दुसऱ्या कशाला नाही. मोठी मादी मात्र परत सोडा.

ज्या कोळी आणि आगरी मंडळींनी मला खाडीची वाट दाखवली, उघाडीचं पाणी कधी फिरतं ते सांगितलं आणि माझे प्रयोग आपुलकीने पाहिले, त्यांचा मी ऋणी आहे. या पानांत जे उपयोगी आहे त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

वाचकहो, पुस्तिका वाचून कपाटात ठेवू नका. आज संध्याकाळी आपल्या पेटीतलं एक लुअर काढा, पक्कड घ्या आणि त्याच्या गळाचा उलटा काटा दाबून टाका. बाकीचे बदल त्यानंतर सावकाश करता येतील.